शिर्डीच्या यात्रेतला कुस्त्यांचा हगामा: बघायला जाण्याआधी

रामनवमी जवळ आली की वाचकांचे ठरावीक प्रश्न सुरू होतात. शिर्डीला दर्शनाला जातोच आहोत, तर यात्रेतल्या कुस्त्या बघता येतील का? तिकीट कुठे मिळतं? साईबाबा संस्थानच्या कार्यक्रमपत्रिकेत त्यांचा उल्लेख का सापडत नाही? बायको-मुलांना नेलं तर चालेल का? टीव्हीवर क्रिकेट बघायची सवय असलेल्यांचा आणखी एक प्रश्न असतो: मातीतल्या कुस्तीत गुणफलकच नसतो, मग कोण पुढे आहे ते कळायचं कसं?

या सगळ्याची उत्तरं सोपी आहेत, पण ती एका ठिकाणी लिहिलेली मिळत नाहीत. यात्रेतला हगामा म्हणजे आसनक्रमांक असलेलं स्टेडियम नव्हे. ते गावाचं कार्य आहे आणि तुम्ही तिथे पाहुणे आहात. ही गोष्ट लक्षात ठेवून गेलात तर दुपार मजेत जाईल. स्टेडियमच्या अपेक्षा घेऊन गेलात तर पहिल्या अर्ध्या तासातच वैताग येईल.

हगामा कुणाचा असतो?

शिर्डीच्या यात्रेत कुस्त्या नव्याने आलेल्या नाहीत. गोविंद रघुनाथ दाभोलकर, म्हणजे हेमाडपंत, यांनी 'साईसच्चरिता'त या यात्रेचा उगम दिला आहे. कोपरगावचे सर्कल इन्स्पेक्टर गोपाळराव गुंड यांनी 1897 मध्ये शिर्डीत उरूस सुरू केला. तेव्हा दुकानं लागली आणि त्यांच्याबरोबर कुस्त्याही ठरल्या. 1912 मध्ये उरुसाच्याच दिवशी रामनवमीचा उत्सव सुरू झाला. कुस्त्या मात्र यात्रेबरोबर राहिल्या. मोहिद्दीन तांबोळी याच्याशी झालेल्या कुस्तीत साईबाबा हरले आणि त्यानंतर त्यांनी पेहराव बदलून कफनी घातली, हा प्रसंगही याच ग्रंथात आहे.

आज व्यवस्था दोन ठिकाणी विभागलेली आहे, आणि गोंधळाचं मूळ तिथेच आहे.

- साईबाबा संस्थान तीन दिवसांचा धार्मिक उत्सव बघतं: ग्रंथाची मिरवणूक, अखंड पारायण, रामजन्माचं कीर्तन, निशाणांची मिरवणूक, काल्याचं कीर्तन.
- ग्रामस्थांची यात्रा कमिटी गावची यात्रा बघते. कुस्त्यांचा हगामा तिच्याकडे असतो.

म्हणून हगाम्याची चौकशी संस्थानच्या चौकशी खिडकीवर करण्यात वेळ घालवू नका. तिथले कर्मचारी तुम्हाला गावात विचारायला सांगतील, आणि ते बरोबरच असेल.

तारीख आणि ठिकाण कसं कळेल?

रामनवमी पंचांगाने मार्चच्या अखेरीस किंवा एप्रिलमध्ये येते. हगाम्याचा नेमका दिवस, वेळ आणि जागा कमिटी दरवर्षी ठरवते. मागच्या वर्षीच्या व्हिडिओवरून यंदाचं ठरवू नका. खात्री करायचे मार्ग असे:

1. यात्रेच्या आधीच्या आठवड्यात जिल्हा आवृत्तीची वर्तमानपत्रं बघा. यात्रेच्या बातमीत हगाम्याचा दिवस सहसा असतो.
2. गावातल्या चौकांत लागलेली पत्रकं बघा. पत्रकावर नेमलेल्या कुस्त्या, पैलवानांची नावं, त्यांची तालीम आणि इनामाची रक्कम छापलेली असते.
3. मुक्काम असेल तिथल्या गावकऱ्याला विचारा. "हगामा कधी आहे?" एवढंच विचारलंत तरी चहावाला जागेसकट सांगतो.

पत्रकावर "दुपारी 3 वाजता" असेल तर तीनला आखाडापूजन होईल, असं समजा. मोठ्या कुस्त्या दिवस कलायला लागल्यावर लागतात.

शिर्डीची यात्रा जमली नाही तरी हंगाम हुकत नाही. माघापासून वैशाखापर्यंत नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात गावोगावी यात्रा असतात आणि त्यांतल्या कित्येकींत हगामा असतो. श्रीरामपूरलाही रामनवमीची मोठी यात्रा भरते. छोट्या गावच्या हगाम्यात नामांकित पैलवान कमी असतील, पण तुम्ही आखाड्याच्या अगदी जवळ बसू शकाल.

दर्शन आणि हगामा एकाच दिवशी जमेल का?

जमेल, पण सकाळ दर्शनाला आणि दुपार हगाम्याला, अशी सरळ वाटणी करा. रामनवमीच्या मुख्य दिवशी मुंबई-पुण्याहून चालत आलेल्या पालख्यांनी गाव भरलेलं असतं. त्या दिवशी रांगेला किती वेळ लागेल याचा अंदाज बांधू नका. हगामा दुसऱ्या दिवशी असेल तर दर्शनही तेव्हाच सकाळी करा.

- मंदिरात मोबाइल नेता येत नाही. तो अधिकृत लॉकरमध्येच ठेवा. ओळख नसलेल्या दुकानदाराकडे ठेवलात तर बदल्यात पूजासाहित्य घ्यायला लागण्याची शक्यता असते.
- "लवकर दर्शन करून देतो" म्हणत स्टँडवर आणि नगर-मनमाड रस्त्यावर गाठणाऱ्यांना शिर्डीत 'लटकू' म्हणतात. हगाम्याच्या दिवशी हेच लोक "पुढची जागा देतो" असंही म्हणू शकतात. दोन्ही वेळी उत्तर एकच: नको.
- संस्थानच्या प्रसादालयात जेवण मोफत असतं. दुपारी जेवूनच मैदानाकडे निघा. एकदा जागा धरली की उठता येत नाही.

पोचायचं आणि राहायचं

- रेल्वे: साईनगर शिर्डी स्टेशन गावालगत आहे. मुंबईहून फेब्रुवारी 2023 पासून वंदे भारत सुरू आहे. या गाडीचं तिकीट मिळालं नाही तर कोपरगाव किंवा मनमाडला उतरून एसटी घ्या.
- रस्ता: नागपूर आणि मुंबई या दोन्ही बाजूंनी समृद्धी महामार्ग सोयीचा. सिन्नर-शिर्डी रस्त्यावर यात्रेच्या आधीचे चार-पाच दिवस पालख्या चालत असतात. त्या भागात रात्री गाडी सावकाश चालवा.
- विमान: काकडीचा विमानतळ जवळ आहे, पण यात्रेच्या दिवसांत तिथून गावात यायची गाडी आधी ठरवून ठेवा.
- मुक्काम: संस्थानच्या भक्तनिवासांचं आरक्षण संस्थानच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच करा. भक्तनिवासांच्या नावाने बनावट संकेतस्थळं काढून पैसे उकळण्याचे प्रकार होतात. कुणी फोनवर "क्यूआर कोडवर पैसे भरा, खोली पक्की" म्हटलं तर तो व्यवहार तिथेच थांबवा.

गावात खोली मिळाली नाही तर कोपरगाव किंवा राहात्याला थांबा. हगामा उशिरा संपला तर परतीची एसटी मिळेलच असं नाही. आपलं वाहन नसेल तर परतीची रिक्षा आधीच ठरवा.

बसायचं कुठे?

हगाम्याला आसनक्रमांक नसतात. मध्ये आखाडा, भोवती दोर किंवा बांबूचं कुंपण, त्यामागे जमिनीवर बसलेली पहिली रिंगणं, मग उभे राहिलेले, आणि शेवटी ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांवर, गच्च्यांवर चढलेले. जमीन सपाट असल्याने मधल्या रांगांतल्यांना सगळ्यात कमी दिसतं. म्हणून एकतर लवकर या आणि जमिनीवर पुढे बसा, नाहीतर सरळ मागच्या उंचवट्यावर जा.

- सूर्य पाठीशी घ्या. कुस्त्या दुपारी सुरू होऊन संध्याकाळपर्यंत चालतात. पूर्वेकडे तोंड करून बसलात तर मानाची कुस्ती लागेल तेव्हा मावळतीचं ऊन डोळ्यांवर येणार नाही.
- पंचांच्या आणि मान्यवरांच्या बाजूला बसू नका. हार-फेटे घालायला येणाऱ्यांची तिथे सतत ये-जा असते आणि प्रत्येक सत्कारात आखाडा झाकला जातो.
- अगदी दोराला चिकटून बसाल तर माती अंगावर येईल, कधीकधी पैलवानही. लहान मुलांना दुसऱ्या-तिसऱ्या रिंगणात बसवा.
- चपला घालून आखाड्यात पाय टाकू नका. फोटोसाठीसुद्धा नाही. ही माती पूजलेली असते. तुमच्या हातून हे झालं तर कुणी समजूत घालणार नाही, सरळ ओरडेल.
- पत्र्याच्या शेडवर, कच्च्या भिंतीवर किंवा झाडाच्या फांदीवर चढू नका. आधीच दहा जण तिथे बसलेले असतील तर तुम्ही अकरावे होऊ नका.

मैदानात काय चाललंय ते कसं ओळखायचं?

हगाम्याचा क्रम बहुतेक ठिकाणी सारखा असतो.

1. आखाडापूजन: नारळ फुटतो, हलगी सुरू होते.
2. लहान पोरांच्या कुस्त्या: पूर्वी या रेवडीवर लागत. आता दहा-वीस-पन्नास रुपयांवर लागतात. या चुकवू नका. एकाच वेळी चार-पाच जोड्या आखाड्यात असतात.
3. मैदानात लागणाऱ्या कुस्त्या: आलेले पैलवान कपडे उतरवून आखाड्याभोवती फिरतात. कमिटीतले जुने जाणते दोघांना शेजारी उभं करतात, मनगट धरतात, खांदे न्याहाळतात, तालमीचं नाव विचारतात. जोड पटला तर हाताला हात देतात आणि तिथल्या तिथे इनाम पुकारलं जातं. जोड तोलामोलाचा नाही असं लोकांना वाटलं तर ओरडा होतो आणि जोडी मोडते. हा भाग कुस्तीइतकाच रंगतो.
4. नेमलेल्या कुस्त्या: पत्रकावर छापलेल्या. इनाम चढत जातं.
5. मानाची शेवटची कुस्ती: दोन्ही पैलवानांची आखाड्यातून फेरी निघते. यानंतर गर्दी एकदम फुटते.

नियम. पाठीवर पडून दोन्ही खांदे मातीला लागले की पैलवान चितपट आणि कुस्ती निकाली. मातीवर निकाली कुस्तीलाच मान. बराच वेळ कुणीच पडत नसेल तर पंच कुस्ती बरोबरीत सोडवतात किंवा वेळ देऊन गुणांवर लावतात. बरोबरीत सोडवलेल्या कुस्तीचं इनाम सहसा दोघांत वाटलं जातं. प्रेक्षकांतून "सोडवू नका" असा गलका होतो. निर्णय मात्र पंचांचाच.

बघायचं काय? पहिल्यांदा बघणाऱ्याने हातांकडे नव्हे, पायांकडे बघावं. कुणाचा पाय आधी मागे सरकतो त्यावरून दाब कुणाचा आहे ते कळतं. मग हे पाच डाव ओळखायचा प्रयत्न करा:

- एकेरी पट: झटक्यात खाली वाकून समोरच्याचा एक पाय उचलणं. सगळ्यात जास्त वेळा दिसेल.
- ढाक: प्रतिस्पर्ध्याचा हात बगलेत अडकवून, वळून, त्याला पाठीवर फेकणं. लागला तर कुस्ती डोळ्याचं पातं लवायच्या आत संपते.
- धोबीपछाड: समोरच्याला खांद्यावर घेऊन पुढे आपटणं.
- घिस्सा: खाली बसलेल्या पैलवानाच्या पाठीवर बसून त्याला उलटवायचा डाव.
- कलाजंग: प्रतिस्पर्ध्याला खांद्यावर आडवं घेऊन मागे टाकणं. क्वचित दिसतो. दिसला तर सगळं मैदान उभं राहतं.

दोघे दहा मिनिटं नुसते एकमेकांच्या मानेला हात घालून उभे असतील तर कंटाळू नका. त्या वेळात एकजण दुसऱ्याचा दम काढत असतो.

पैशाचे प्रश्न

- तिकीट: गावच्या हगाम्याला सहसा तिकीट नसतं. खर्च वर्गणीतून होतो. कुणी कमिटीच्या नावाने पैसे मागितले तर छापील पावती मागा. वर्गणी ऐच्छिक असते. यात्रेकरूंना ती सक्तीची नाही.
- बक्षीस: जिंकलेला पैलवान रिंगणाभोवती फेरी मारतो, लोक नोटा हातात ठेवतात. दहाची नोटही चालते. चांगला लढून हरलेल्यालाही द्या. देणारे कमी असतात म्हणून त्याला त्याचं जास्त अप्रूप वाटतं. गर्दीत नेटवर्क बसतं, तेव्हा सुटे पैसे जवळ ठेवा.
- पैज: शेजारचा माणूस सहज म्हणेल, "लावता का शंभर?" नाही म्हणा. कुस्तीवर पैसे लावणं हा महाराष्ट्र जुगार प्रतिबंधक कायदा, 1887 खाली गुन्हा ठरू शकतो. शिवाय जोडीची आतली माहिती तुमच्यापेक्षा त्याला जास्त असते.

बायका-मुलांना न्यावं का?

न्यावं. हगाम्याला पुरुषांची गर्दी जास्त असते, हे खरं. पण बायकांनी येऊ नये असा कायदा नाही आणि सार्वजनिक जागेवर तसं कुणी अडवूही शकत नाही. आता गावोगावच्या मैदानांत मुलींच्या कुस्त्याही लागतात. मार्च 2023 मध्ये सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि प्रतीक्षा बागडी ती जिंकली. त्यानंतर पत्रकांवर मुलींच्या जोड्या जास्त दिसू लागल्या.

- काही ठिकाणी महिलांसाठी वेगळी बाजू राखलेली असते. आल्या आल्या विचारा.
- स्वच्छतागृह कुठे आहे ते आधी पाहून घ्या. मैदानाजवळ ते नसण्याची तयारी ठेवा.
- लहान मुलाच्या खिशात तुमचा मोबाइल नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा. चुकामूक झाली तर निवेदकाच्या माइकवरून पुकारा होतो. भेटायची जागा आधी ठरवा.
- दुसऱ्यांच्या मुलांचे, विशेषतः लंगोटातल्या पोरांचे, फोटो विचारल्याशिवाय समाजमाध्यमांवर टाकू नका.

तुमच्या मुलालाच लहान गटात उतरावंसं वाटलं तर? आधी कमिटीला सांगा, नखं कापा, अंगावरचे दागिने काढा, आणि तालमीत कधीच न गेलेल्या मुलाला तालमीतल्या मुलाशी लावू देऊ नका. नाही म्हणायचा अधिकार जोड लागल्यावरही तुमचाच.

पाहुणे असलात तरी हे तुमचे हक्क

- रात्री 10 नंतर ध्वनिक्षेपकाला बंदी आहे. सरकारने मोजक्या दिवसांसाठी मध्यरात्रीपर्यंत सूट दिलेली असेल तरच तो चालतो. मुक्कामाला त्रास होत असेल तर 112 वर तक्रार करता येते.
- कुणी जखमी झालं, उन्हाने भोवळ आली, तर 108 वर रुग्णवाहिका मोफत मिळते. निवेदकाला सांगून वाट मोकळी करून घ्या.
- छेडछाड झाली तर 112 किंवा महिलांसाठीचा 181. हरवलेलं किंवा संकटातलं मूल दिसलं तर 1098.
- तिकीट लावलेली स्पर्धा रद्द झाली किंवा जाहीर केलेली बैठक मिळाली नाही, तर तुम्ही ग्राहक आहात. तिकीट, जाहिरात आणि पैसे भरल्याचा पुरावा ठेवा आणि आयोजकाकडे लेखी परतावा मागा. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवा. विनामूल्य हगाम्याला मात्र हा मार्ग लागू नाही. जाहीर झालेला पैलवान आला नाही म्हणून भरपाई मागता येत नाही.

हगाम्यापेक्षा मोठं काही बघायचं असेल तर

*महाराष्ट्र केसरी.* ही स्पर्धा 1961 पासून होते. किताबासाठी 86 ते 125 किलो गटात माती आणि गादी अशा दोन विभागांचे विजेते शेवटी एकमेकांशी लढतात. इथे गुण मोजले जातात. गादीवर तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या असतात आणि 10 गुणांची आघाडी झाली की कुस्ती तिथेच संपते. एक सावधगिरी घ्या: राज्यात कुस्तीच्या दोन संघटना आहेत आणि दोघींच्या स्पर्धांना हेच नाव असतं. 2025 मध्ये एकट्या नगर जिल्ह्यात दोन झाल्या. फेब्रुवारीत अहिल्यानगरच्या वाडिया पार्कवर पृथ्वीराज मोहोळ जिंकला, तर मार्चमध्ये कर्जतला वेताळ शेळके. प्रवासाचं आरक्षण करण्याआधी आपण कुठल्या संघटनेच्या स्पर्धेला निघालो आहोत ते बघा.

*कोल्हापूरचं खासबाग.* जुनं, पक्कं कुस्ती मैदानच बघायचं असेल तर ते शिर्डीपासून चारशे किलोमीटरच्या घरात, कोल्हापुरात आहे. राजर्षी शाहू महाराज 1902 मध्ये युरोपला गेले होते. तिथे पाहिलेल्या रोमच्या कलोसियमवरून त्यांनी हे मैदान बांधून घेतलं आणि 1912 मध्ये ते पुरं झालं. मध्ये आखाडा आणि भोवती उतरती बैठक, त्यामुळे शेवटच्या माणसालाही माती दिसते. सपाट रानातल्या हगाम्यात टाचा उंचावून उभं राहिल्यावर या रचनेचं मोल कळतं. कुस्ती नसलेल्या दिवशी तिथे मोकळं मैदानच असतं, म्हणून नुसतं बघायचं की कुस्ती बघायची ते ठरवून जा. शेजारच्या केशवराव भोसले नाट्यगृहाला ऑगस्ट 2024 मध्ये आग लागली होती. परिसरात काम सुरू असेल तर आत सोडतात का, याची आधी चौकशी करा.

निवड सोपी आहे. पहिल्यांदाच कुस्ती बघणार असाल, मुलं बरोबर असतील, तर गावचा हगामा. नियम कळतात आणि नामांकित पैलवान बघायचे आहेत, तर महाराष्ट्र केसरी. बांधकामाची आणि इतिहासाची आवड असेल तर खासबाग.

निघताना बरोबर काय असावं?

- पाण्याच्या दोन बाटल्या आणि टोपी. एप्रिलमध्ये या भागात पारा चाळिशीजवळ जातो.
- बसायला जुनी चादर किंवा पोतं.
- तोंडावर बांधायला रुमाल. धूळ आणि गुलाल दोन्ही उडतात.
- सुटे पैसे, परतीच्या रिक्षावाल्याचा नंबर, आणि मळला तरी चालेल असा शर्ट.

शेवटची एक विनंती. मानाची कुस्ती संपली की लगेच पळू नका. गर्दी पांगेपर्यंत जागेवरच बसा. चेंगराचेंगरीचा धोका त्याच दहा मिनिटांत असतो. आणि जाता जाता कमिटीच्या माणसांना "मैदान छान झालं" एवढं जरूर सांगा. महिनाभर वर्गणीसाठी फिरलेल्या या माणसांना बाहेरगावच्या पाहुण्याकडून तेवढं ऐकायला मिळालं तर पुढच्या वर्षीही ते उमेदीने मैदान भरवतील.